फागूजींचे तीन वाटे

माझे सासरे कोणतीही गोष्ट वाटायला बसले की आधी हात धुवायचे. फणस असो, गुळाची ढेप असो, नाहीतर जत्रेतून आणलेल्या बांगड्या असोत. हात धुवायचे, धोतराच्या सोग्याला पुसायचे, उकिडवे बसायचे आणि मग घरातल्या प्रत्येकाला नाव घेऊन हाक मारायचे. कोणी कामात असेल तर थांबायचे. भाजी करपली तरी चालेल, पण वाटा घेणारा समोर पाहिजे. "ज्याले घ्याचं हाय त्यानं पाह्यलं पाहिजे," म्हणायचे. "मागाहून कोणाच्या मनात नको याले."

त्यांचं नाव फागूजी. आमच्याकडे सासऱ्याला मामाजी म्हणतात, म्हणून मी त्यांना मामाजी म्हणत असे, आणि ते मला जवाईबापू. लालबर्ऱ्याच्या पुढे, सिवनीच्या रस्त्यावरून थोडं आत त्यांचं गाव. धानाची दहा-बारा एकर शेती, कोणाचं देणं नाही, कोणाकडून घेणं नाही. आधी बैल, मग ट्रॅक्टर, पण ट्रॅक्टर आल्यावरही बैल विकले नाहीत. मी मध्य प्रदेशातच, बालाघाटला सरकारी कार्यालयात बाबू. त्यांची मुलगी शशिकला माझी बायको. तिला दोन भाऊ, थोरला खेमराज आणि धाकटा दिलीप.

मामाजींना जाऊन एक पावसाळा झाला. त्यांच्याबद्दल लिहायला बसलो तर मला त्यांचा जन्म, शाळा, लग्न यातलं काही सुचत नाही. ते मला फक्त वाटताना आठवतात.

असं का, ते त्यांनीच एकदा सांगितलं होतं. त्यांच्या तरुणपणी त्यांच्यात आणि त्यांच्या थोरल्या भावात जमीन वाटली गेली. तेव्हा दोरानं मोजायचे. भावानं स्वतःचा भाग सकाळी कोरड्या दोरानं मोजला. दुपारी तोच दोर बैलांच्या डोणीत भिजवून आणला आणि मामाजींचा भाग त्यानं मोजला. ओला दोर आखडतो. मामाजींना ते त्या वेळी कळलं नाही. दोन-तीन वर्षांनी नांगरताना तासं कमी भरायला लागली तेव्हा कळलं.

"मंग तुम्ही काही बोलले नाही?" मी विचारलं होतं.

"काय बोलू? तो मेला तरी मी बोललो नाही. त्याच्या मौतीले गेलतो. खांदा देला. पण बोललो नाही." मग म्हणाले, "जमीन गेली त्याचं काही नाही जवाईबापू. भाऊ गेला ना."

तेव्हापासून दोर, टेप, पटवाऱ्याची साखळी यांपैकी कशावर त्यांचा भरवसा उरला नाही. आणि आपल्या लेकरांत वाटणी होईल तेव्हा कोणी कोणाला दोष देऊ नये, एवढी एकच गोष्ट त्यांनी मनाशी धरली. बाकी सगळं त्यांचं आयुष्य साधं होतं. पहाटे उठणं, बैलांशी बोलणं, दुपारच्या जेवणात हिरवी मिरची, आणि संध्याकाळी पारावर बसून दुसऱ्याच्या शेतातल्या पाण्याची चिंता.

पैशाच्या वाटणीला त्यांनी वेळच घेतला नाही. रस्ता रुंद झाला तेव्हा त्यांची एक पट्टी त्यात गेली आणि मोबदला आला. बँकेतून आले, हात धुतले आणि अंगणात चार सारखे भाग केले. तीन लेकरांचे तीन आणि चौथा स्वतःच्या तेरवीचा, म्हणजे तेराव्याच्या जेवणाचा. मुलीचा भाग निघालेला पाहून दोन्ही सुना एकमेकींकडे बघायला लागल्या. दिलीप लालबर्ऱ्यात मोबाईलचं दुकान चालवतो आणि घरातही अर्धं हिंदीच बोलतो. तो म्हणाला, "बाबूजी, तेरवीवाला हिस्सा अभी मेरे पास रख दो. मैं अच्छे से खर्च करूँगा."

"तुह्या हाती देला तर मी मराच्या आधीच पंगत उठून जाईल," मामाजी म्हणाले. सगळे हसले. त्या हसण्यात शशीच्या वाट्याचा विषय निघूनच गेला. नंतर मला म्हणाले, "पैशाले काय वाटाचं? एक नोट दुसरीसारखीच. जमिनीचं तसं नाही. इकडचा एकर तिकडच्या एकरासारखा राह्यते का?"

आता माशांबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं तिथूनच आलं.

त्यांच्या शेताच्या वरच्या अंगाला बोडी होती. बोडी म्हणजे घरचं लहान तळं, ज्याचं पाणी खाली धानाच्या बांध्यांना सोडतात. उन्हाळ्यात पाणी आटलं की तिच्यात जाळं टाकत. मासे पळसाच्या पानांवर ओतून मामाजी त्यांचे ढीग करत. एक घरचा, एक खेमराजचा, एक दिलीपचा, एक शशीचा, एक जाळं टाकणाऱ्याचा. हातानं तोलून, एक उचलून दुसऱ्यात टाकून, पुन्हा तोलून. मग एकाला ढिगांकडे पाठ करून उभं करायचं. मामाजी एका ढिगावर काठी ठेवून विचारणार, "हे कोणाचं?" पाठमोऱ्यानं नाव घ्यायचं. ज्याचं नाव निघेल त्याचा तो ढीग. त्यावर कोणी बोलायचं नाही. ही रीत आमच्याकडे नवी नाही. पण मामाजी ती देवासारखी पाळत.

माझं लग्न झाल्यापासून पाठ करून उभं राहायचं काम माझ्याकडे आलं. "जवाई घरचा बी हाय अन् परका बी हाय," ते म्हणत. "त्याच्या तोंडाले कोणी नावं ठेवणार नाही."

दोन-तीन उन्हाळ्यांत माझ्या एक गोष्ट ध्यानात आली. मोठ्या माशाचं डोकं तोडून वाटता येत नाही. ते कोणत्या तरी एका ढिगात जातंच. आणि मामाजी काठी नेहमी त्याच ढिगावर आधी ठेवत. ज्याच्यावर सगळ्यांचा डोळा, ते पहिल्यांदा निकालात काढायचं, असं त्यांच्या मनात असेल. त्यांना स्वतःला हे ठाऊक नव्हतं, हे मी खात्रीनं सांगतो.

माझ्या सासूबाईंना, मामीजींना, माशाचं डोकं फार आवडायचं. पण त्या स्वतःहून कधी मागायच्या नाहीत. वाढताना सगळ्यांत शेवटी आपल्या ताटात उरलंसुरलं घेणारी बाई. म्हणून मी पहिल्या हाकेला "मामीजी" म्हणायला लागलो. डोकं त्यांच्याकडे जायचं. त्या पदर तोंडाला लावून हसायच्या. "जवायाच्या तोंडात माहंच नाव बसलं हाय, बाई!" खेमराज म्हणायचा, "भाऊजी, एखाद वेळी चुकून माहं बी नाव घ्या ना." मी पाठ फिरवूनच हसायचो. कित्येक वर्षं हे चाललं. यात काही पाप आहे असं मला वाटलं नाही. आजही मामीजींच्या बाबतीत वाटत नाही.

मग मामीजी गेल्या. वर्षश्राद्ध झाल्यावर मामाजींनी जमीन वाटायची काढली.

तो अख्खा उन्हाळा ते शेतात होते. बांबूच्या खुंट्या रोवायच्या, लांब जाऊन बसायचं, बघायचं, परत येऊन खुंटी दोन पावलं सरकवायची. एक खुंटी तर त्यांनी आंब्याच्या सावलीमुळं हलवली. सावलीखाली धान भरत नाही, मग ज्याच्याकडे आंबा त्याला तेवढी जमीन जास्त. शेवटी तीन वाटे झाले. बोडीखालची जमीन आकारानं सगळ्यांत लहान, पण पहिलं पाणी तिला, आणि माती काळी, लोण्यासारखी. मधली आंब्याची, मोठी. आणि रस्त्याकडचा टिकरा, म्हणजे उंचावरची मुरमाड जमीन, पाणी न धरणारी, पण रस्त्यामुळं किंमत असलेली. मामाजींच्या हिशेबात तिन्ही सारखे होते. कदाचित होतेही. पण सगळ्यांचा जीव बोडीखालच्या जमिनीत होता, आणि खेमराजचा सगळ्यांत जास्त. मिसरूड फुटल्यापासून तो तिथं राबत होता. उन्हाळ्यात बोडीतला गाळ डोक्यावर वाहून त्यानंच ती माती काळी केली होती.

मामाजींना हे दिसत नव्हतं असं नाही. त्यांनी खेमराजला माझ्यासमोर विचारलं, "बापू, तुले ते पाह्यजे असंल तर आत्ता सांग. मी शशीले अन् दिलीपले समजावतो."

खेमराज म्हणाला, "नाही बाबा. जे निघंल ते. मी मांगून घेतलं तं जनमभर दिलीपच्या डोळ्यात राहीन."

हे ऐकून मामाजींच्या चेहऱ्यावर जे समाधान आलं ते मला विसरता येत नाही. त्यांना वाटलं, आपण जिंकलो.

वाटणीच्या सकाळी सगळे बोडीच्या पाळीवर, म्हणजे तिच्या मातीच्या बांधावर, जमलो. गावातले दोन म्हातारे होते, पटवारी होता. दिलीप मला म्हणाला, "जीजाजी, जमीन मिली तो खेत में कुर्सी लेकर जाओगे क्या? ऑफिस जैसे?" पुन्हा सगळे हसले, मीही हसलो. पण ते मला लागलं. मी स्वतःला बरीच वर्षं सांगत आलो की त्या टोमण्यामुळं झालं. कधी सांगितलं की शशीनं आईची सेवा केली होती, तिला चांगलं मिळावं म्हणून झालं. दोन्ही खोटं. मला ती जमीन हवी होती. गेले काही महिने मी झोपताना तिच्याबद्दल विचार करत होतो. निवृत्तीनंतर तिथं एक लहान घर, समोर पाणी, असं काहीबाही.

मी शेताकडे पाठ आणि बोडीकडे तोंड करून उभा राहिलो. पहिली काठी कोणत्या जमिनीकडे वळणार, ते मला माशांवरून ठाऊक होतं. मागे मामाजींनी लोट्यातल्या पाण्यानं हात धुतले. पाणी मातीवर पडल्याचा आवाज आला. मग काठी आपटली.

"हे कोणाचं?"

खेमराजचं नाव माझ्या जिभेवर होतं. तेही घेतलं असतं तर ते ठरवूनच घेतलेलं झालं असतं, पण ते पाप मला आनंदानं सोसवलं असतं.

मी म्हणालो, "शशी."

मग पुन्हा काठी, पुन्हा प्रश्न. दुसऱ्यांदा मी दिलीपचं नाव घेतलं, ते मात्र न ठरवता. त्याला मधली आंब्याची जमीन गेली. खेमराजला टिकरा उरला.

मी वळलो तेव्हा शशी रडत होती. आनंदानं. मुलीला बापाच्या जमिनीत वाटा, आणि त्यातही बोडीखालची! तिनं जाऊन मामाजींचे पाय धरले. मामाजी तिच्या डोक्यावर हात ठेवून खेमराजकडे बघत होते. खेमराज खाली उतरला. बांधात त्याचं फावडं रोवलेलं होतं, ते त्यानं उपटून घेतलं, माती झटकली आणि वर आला. शशीला म्हणाला, "शशे, पाळ पूर्वेकडून फुटते. पावसाच्या आधी तिथं माती टाकत जाय. लक्षात ठेव."

एवढंच.

त्या दिवशी जेवताना मामाजींनी मला आपल्या शेजारी बसवलं. "तुम्ही होते म्हणून झालं जवाईबापू. मी देल्लं असतं तं खेमराजनं मले शिव्या देल्ल्या असत्या. हे कोणीच नाही देल्लं. कोणावर रागवन तो?" माझ्या ताटात त्यांनी स्वतः तूप वाढलं.

खेमराजनं टिकऱ्यावर दोन हंगाम काढले. मी त्याला म्हणालो, शशीची जमीन तूच कर, बटईनं, अर्ध्या वाट्यावर, तुला हवं तेवढंच आम्हाला दे. तो हसला. "बहिणीच्या जमिनीवर भाऊ मजुरी करते का, भाऊजी? लोकं काय म्हणतीन? अन् मले बी नाही जमणार. पाणी सोडाले गेलो की वाटंल माहंच हाय." मग त्यानं टिकरा दुसऱ्याला कसायला दिला, बायकोला घेऊन मलाजखंडला गेला आणि तांब्याच्या खाणीवर एका ठेकेदाराकडे कामाला लागला. शेतकरी माणूस, डोक्यावर हेल्मेट घालून. दिलीप तर लालबर्ऱ्यातच राहत होता. घराला कुलूप लागलं.

मामाजी तिघांकडे पाळीनं राहायचे. अमावस्या झाली की पिशवी भरायची. "मी आता तिघाईचा सामायिक बैल झालो," म्हणायचे. "ज्याच्याकडे असंल त्यानं चारा टाकाचा." आमच्याकडे असले की सकाळी फाटकाशी खुर्ची टाकून बसत आणि जाणाऱ्या भाजीवाल्याला त्याच्या गावातल्या धानाबद्दल विचारत. शशीनं काही खायला दिलं की अजूनही हात धुऊन आधी त्याचे भाग करत. घरात आम्ही तिघंच असायचो.

गेल्या वर्षी, पाऊस लागून काही दिवस झाले होते. दुपारची वेळ. शशी शेजारी गेली होती. मामाजींचा फोन वाजला. खेमराज होता. ते मोठ्यानं बोलायचे, त्यामुळं मला सगळं ऐकू येत होतं.

"हौ, पडून राह्यला इकडं बी... बोडी? अर्धी भरली म्हणते रे शशीचा बटईवाला... नाही, पूर्वेकडची पाळ नाही पाह्यली मी... हौ, सांगतो शशीले... तुह्या कंबरेचं कसं हाय?"

फोन त्यांनी बंडीच्या खिशात ठेवला. मग म्हणाले, "दरसाल विचारते. पाऊस लागला की पह्यलं हेच विचारते, बोडीत पाणी किती हाय." थोड्या वेळानं, माझ्याकडे न बघता, "त्या दिवशी तुमच्या तोंडातून दुसरं नाव निघालं असतं तं... जाऊ द्या. ते कोणाच्या हाती होतं?"

मी म्हणालो, "माझ्या हाती होतं, मामाजी."

ते बघायला लागले. मग मी सांगितलं. माशाच्या डोक्याचं सांगितलं, पहिल्या काठीचं सांगितलं, घराचं स्वप्न सांगितलं. काही मागे ठेवलं नाही. बोलताना मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघू शकलो नाही, त्यांच्या गुडघ्यांकडे बघत होतो.

त्यांनी पहिल्यांदा विचारलं ते हे: "म्हणजे... ते डोकं तिले तुम्ही देत होते? दरसाल?"

"हौ."

"तिले मालूम होतं?"

"नाही. म्हणजे मी कधी सांगितलं नाही."

ते हसल्यासारखे झाले. डोळ्यांत पाणी आलं. "अन् मी समजत होतो देव तिच्यावर खुश हाय," म्हणाले. मग ते हसू हळूहळू गेलं. तोंडावर काहीच उरलं नाही. जमिनीचं त्यांच्यापर्यंत आत्ता पोचत होतं.

"शशीले मालूम हाय?"

"नाही."

"तिले सांगू नका. तिले वाटते बापाच्या जमिनीनं तिले निवडलं. ते तिचं राहू द्या."

"खेमराजभाऊले मी सांगतो. जमीन त्याच्या नावानं करून देतो. शशीले दुसरं काही कारण सांगीन."

"तो घेईल का?" त्यांचा आवाज चढला नव्हता. "त्यानं देवाचं म्हणून सोडलं. माणसानं लुबाडलं हे कळलं तं तो जमीन बी घेणार नाही अन् बहीण बी सोडंल. मी सोडला होता ना माह्या भावाले." मग हातानं नको नको असं केलं. "तुमचं वझं उतरंल जवाईबापू. ते जाऊन त्याच्या डोक्यावर बसंल. अगोदरच त्याची कंबर दुखते."

मी त्यांचं हे सांगणं इतके दिवस पाळलं. आता मोडतो आहे. खेमराज मराठी बोलतो, वाचतो हिंदीच. शशी मात्र वाचते. हा कागद कुठं छापायला पाठवण्याआधी तिच्या हातात देणार आहे. मी बरोबर करतो आहे की पुन्हा एकदा फक्त स्वतःपुरतं बघतो आहे, ते मला कळत नाही. मामाजींना विचारता येत नाही. त्यांनी मलाजखंडलाच, खेमराजच्या भाड्याच्या खोलीत देह ठेवला.

त्या दुपारच्या दुसऱ्या दिवशीच ते तिकडे गेले. अमावस्या यायची होती, पाळी आमचीच होती. शशी म्हणाली, "बाबा, एवढ्यात काहून? माहं काही चुकलं का?" ते म्हणाले, "नाही वो. खेमराजले पाहावंसं वाटून राह्यलं. त्याच्या कंबरेले तेल लावून देतो." तिनं डब्यात पोळ्या बांधून दिल्या.

बसस्टँडवर मी त्यांची पिशवी घेऊन गेलो. तिकिटाला मी पुढे झालो तर त्यांनी माझा हात बाजूला केला आणि बंडीच्या खिशातून स्वतःचे पैसे काढले. मलाजखंडची गाडी लागली होती, कंडक्टर ओरडत होता, लोक आधीच चढून जागा धरत होते. मी पिशवी आत ठेवून खाली उतरलो आणि दाराशी उभा राहिलो.

आमच्यात सासरा जावयाच्या पाया पडतो. जावई लहान असला तरी, निरोपाच्या वेळी. मला ते कधीच आवडलं नाही. मी नेहमी अर्ध्यातच त्यांचे हात धरायचो, आणि अलीकडे पाठ वाकत नसल्यानं तेही नुसता हात पुढे करून थांबायचे. त्या दिवशी मी त्यांचे हात धरू शकलो नाही. माझे हात उचललेच गेले नाहीत. त्यांनी काठी बसला टेकवून ठेवली, एका हातानं दाराचा दांडा धरला आणि सावकाश, पाठीतून कळ येत असताना, पुरते खाली वाकले. माझ्या दोन्ही बुटांना बोटं लावली, ती कपाळाला लावली आणि उठले.

"येतो जवाईबापू," म्हणाले, आणि गाडीत चढले.